खोटी उठवणी

आमच्या उशिझाकी गावात कोणत्याही पोराला विचारा, नुईआजी कोण? पोरगं आधी मान वाकडी करेल, एक हात कानामागे नेईल आणि बारीक, घाबऱ्या आवाजात म्हणेल, "ऐकलंस का रे? तुलाही आलं ना ऐकू?" मग स्वतःच्याच नकलेवर खिदळेल. आणि जवळपास कुणी मोठं माणूस नाही असं बघून हळूच सांगेल की हिनेच आपल्या नवऱ्याला मारलं. त्याच्यासकट सात जणांना. कड्यावरच्या खोपीत हिला डुलकी लागली, स्वप्नात गडगडाट ऐकला आणि दचकून उठून हिने फळी बडवली. त्या फळीच्या आवाजावर होड्या समुद्रात गेल्या, आणि एक परत आली नाही.

यातलं फळी बडवली एवढंच खरं आहे. नुई झोपली नव्हती. त्या सकाळी आवाज झाला होता आणि तो ज्याने ऐकला नाही असं माणूस गावात शोधून सापडलं नसतं. एक ठार बहिरा म्हातारा होता, तोही पायाखाली जमीन थरथरली म्हणून अंगणात आला होता.

आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्याच्या तोंडाला, बर्फ पडायच्या आधी, समुद्रावर एकदा दणदणीत गडगडाट होतो. त्याला उठवणी म्हणतात, कारण खोल पाण्यात सुस्तावलेल्या मोठ्या माशांना तो उठवतो. उठलेला मासा वादळाच्या पुढे पुढे किनाऱ्याकडे धावतो. गडगडाट आणि वादळ यांच्या मध्ये जी फट सापडते तेवढ्यात बाहेरचं मोठं जाळं भरून घ्यायचं, की गावाचा हिवाळा निघाला. म्हणून कड्यावर खोप होती, खोपीत टांगलेली जाड फळी होती आणि फळीपाशी कान देऊन बसलेलं एक माणूस असे. दुसरा एक नेम होता, तो जाळ्याच्या मालकाच्या आजोबांपासून चालत आलेला: उठवणीला बाहेर पडलेल्या होडीने रिकामं परतायचं नाही. परतली तर वर्षभर तिच्या शेजारी कुणी आपली होडी बांधत नसे.

खोपीत आधी नुईचा बाप बसायचा. डोळे गेल्यावर त्याने कानांवर काही वर्षं काढली, मग छातीने धरलं, तेव्हा नुई बसायला लागली. बाईमाणूस म्हणून दोन दिवस कुरकुर झाली. पण ही पोरगी धुक्यात नुसत्या वल्ह्याच्या आवाजावरून होडी कुणाची ते सांगायची, त्यामुळे कुरकुर आपोआप थांबली. मालकाच्या घरी तेव्हा नवा रेडिओ आला होता. त्यावर हवामान सांगत. मालक म्हणायचा, "तो तिकडे तोक्योत बसून बोलतो. नुई इथे बसून ऐकते. मी कुणाचं मानू?"

साकुझोशी लग्न झालं तेही असंच. तो दर बैठकीत सांगायचा, "हिने मला वल्ह्याच्या आवाजावरून पसंत केलं हो! तोंड नंतर बघितलं. तोवर सगळी बोलणी होऊन गेलेली." नुई म्हणायची, "तोंड आधी बघितलं असतं तर अजून कड्यावरच बसले असते." आणि सासू, ताकी, मुळा किसता किसता म्हणायची, "माझ्यावर गेलंय ते तोंड. जपून बोल." घरात तिघंच. चांगलं चाललं होतं.

त्या सकाळी ढग इतके खाली उतरले होते की कड्यावरचं पाइनचं झाड अर्धंच दिसत होतं. वारा अजिबात नव्हता. आणि आवाज झाला. आधी एक, छातीत धक्का बसावा असा. त्याच्या पाठोपाठ दुसरा. मग लाकडी पुलावरून भरलेला गाडा जावा तशी लांबत जाणारी घरघर, डोंगराच्या अंगाला, विरत गेलेली. नुईने हातोडा उचलला, पण पहिला ठोका मारायच्या आधीच खाली तिची सासू हातातल्या ओगराळ्यासकट रस्त्यावर धावत आली होती. "उठवणी! अगं उठवणी झाली! नुई, झोपलीस का? बडव!" शेजारच्या हात्सुयोच्या हातून भाताचा वाडगा पडून फुटला, तशी ती फुटका तुकडा हातात घेऊनच दारात उभी. शाळकरी पोरं वाळूत नाचत होती, त्यांत आमचे आजोबा, तोकुजी, सगळ्यांत पुढे.

नुईने फळी बडवली.

तीन होड्या निघाल्या. साकुझोने खालून हात केला आणि ओरडला, "मुळा शिजवून ठेव! मासा मी आणतो!" नुईने वरून मान हलवली. एवढ्या लांबून मान हललेली त्याला दिसली असेल की नाही, हा प्रश्न तिला पुढे कित्येक वर्षं पडत राहिला.

त्यानंतर काहीच झालं नाही. वारा उठला नाही, गारा पडल्या नाहीत, दुसरा गडगडाट नाही. समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट. होड्या जाळ्यापाशी पोचून थांबल्या. दुपार गेली. जाळ्यात किरकोळ मासळी, तीही झोपाळलेली. संध्याकाळी तिन्ही होड्यांचे कंदील लागलेले नुईला वरून दिसत होते. ती खाली उतरून मालकाकडे गेली.

"परतीची फळी वाजवू का, मालक?"

"कशाला?"

"वारा येत नाही. त्यांनी जेवण नेलेलं नाही. उद्या पुन्हा जातील."

"तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग? ऐकलंस, वाजवलंस. आता रिकाम्या बोलावून वर्षभर कुणाच्या शेजारी बांधायच्या? वर जाऊन बस."

ती वर जाऊन बसली. रात्रभर ती माणसं उघड्यावर कुडकुडत राहिली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खरं वादळ आलं, गडगडाट न करता, एकदम. दोन होड्या कशाबशा वाळूला लागल्या. तिसरीतले सात जण गारठून आधीच अर्धे झाले होते, असं त्या दोन होड्यांतले लोक म्हणाले. वल्हं धरायलाही बोटं वळत नव्हती. तिसरीत साकुझो होता.

शिजवलेला मुळा ताकीने की नुईने, कुणी टाकून दिला, ते कुणाला आठवत नाही.

देवळात सगळे जमले, तेव्हा सात घरांची माणसं पुढे बसली होती. मालक उभा राहिला. त्याचा एक पुतण्या त्या सातांत होता. मालकाने विचारलं, "गडगडाट कुणी ऐकला?"

आता कुणी म्हणालं असतं, मी ऐकला, तर पुढचा प्रश्न सरळ होता: मग गडगडाट खरा आणि वादळ नाही, तर रात्रभर थांबवलं कुणी? तो नेम मालकाचा. जाळं मालकाचं. होड्या मालकाच्या. देवळात असलेल्या प्रत्येकाच्या चुलीवर जे शिजत होतं तेही एका परीने मालकाचंच.

कुणी बोललं नाही. हात्सुयो आपल्या तळहातावरच्या ताज्या चिरेकडे बघत राहिली. पोरांना आयांनी मागे ओढलं.

"ताकी, तुम्ही घरात होतात," मालक म्हणाला. "तुम्ही ऐकलात?"

नुईने सासूकडे बघितलं. ताकीने कानाला हात लावला आणि म्हणाली, "काय म्हणालात? मला अलीकडे कमी ऐकू येतं."

त्या एका वाक्यापायी ताकीला मरेपर्यंत बहिरं राहावं लागलं. एकदा बोलून गेली, आता माघार कशी घेणार? गावासमोर, देवळात, सुनेसमोर, रोज. चहा हवा का विचारायला नुईने ओरडायचं. आंघोळीचं पाणी तापलं, ओरडून सांगायचं. दोघी एका छपराखाली, रजई पांघरलेल्या बैठ्या मेजाखाली एकाच शेगडीच्या उबेला पाय सोडून बसायच्या आणि एक दुसरीवर ओरडायची. कधी मागच्या दारी मांजर बारीक ओरडलं की ताकीची मान वळायची. मग तिच्या लक्षात यायचं. मग ती मान तशीच पुढे नेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायची. नुईने ते हजार वेळा बघितलं आणि एकदाही बोलली नाही. साकुझोच्या तसबिरीपुढे भात आणि चहा दोघी मिळून ठेवायच्या.

फळी काढून टाकली. खोप पडली. नुई मासे साफ करायला जाऊ लागली, वसंतात समुद्रशैवाल वाळवायची, जाळी विणायची. दुसरं लग्न कर म्हणणारे एकदोघे आले. तिने त्यांना चहा दिला. आणि तेव्हापासून तिला ती सवय लागली. किटलीने शिट्टी घातली की शेजारी असेल त्याला विचारायची, "ऐकलंस का? तुलाही आलं ना ऐकू?" देवळाची घंटा, कावळा, लांबच्या बोगद्यातून जाणारी गाडी, काहीही. दुसऱ्याने हो म्हटल्याशिवाय ती उठून किटली उतरवायची नाही. हिवाळ्यातली पहिली उठवणी झाली की ती रस्त्यावर येऊन दारोदार फिरायची. "आत्ता झाली ती. ऐकलीत ना?" लोक आतून ओरडायचे, "ऐकली हो आजी, ऐकली! जा, थंडीत फिरू नका!" आणि दार लागल्यावर हसायचे.

त्या सकाळच्या आवाजाबद्दल उघड कुणी बोलत नसे, पण दारू चढली की पुरुष बोलायचे, जणू दुसऱ्याच गावची गोष्ट. कुणी म्हणे लष्कराचं विमान असेल. कुणी म्हणे समुद्राच्या तळाशी वायू कोंडतो, तो फुटतो. एकाचं मत होतं, देवमाशाने होडीच्या तळाला धडक दिली. त्यावर दुसरा म्हणाला, "देवमासा आभाळात कुठून आला?" पहिला म्हणाला, "तू ऐकलंस तरी का? तू तर ऐकलंच नव्हतंस म्हणे." मग सगळे आपापल्या पेल्यात बघायचे.

आणि मागच्या हिवाळ्यात तोगावा मास्तर आले.

निवृत्त शिक्षक, डोंगरापलीकडच्या गावचे. एका तारांगणात फुकट व्याख्यानं देणारे. काही सांगताना आधी चष्मा काढायचे, पुसायचे आणि म्हणायचे, "शक्यता म्हणून सांगतो हं." बोलता बोलता ते दहादा 'शक्यता' म्हणत, आणि दर वेळी बोट वर. मच्छीमार संघाच्या खोलीत त्यांनी सगळ्या वृद्धांना बोलावलं होतं. टेबलावर रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी रुमाल सोडला. मुठीहून थोडा मोठा, काळा, अंगठ्याने दाबून दाबून खळगे पाडल्यासारखा दगड.

"हा," मास्तर म्हणाले, "आमच्याकडच्या एका घरात लोणच्याच्या पिंपावर दाब म्हणून होता. साठ वर्षं."

हात्सुयोने पुढे वाकून वास घेतला. "अगं बाई, मुळ्याचं लोणचं! खोटं नाही सांगत, अजून येतोय!"

सगळे हसले. दगड हातोहात फिरला. ज्याच्या हाती येई तो "आई ग, जड आहे" म्हणे आणि हुंगे.

मास्तरांनी चष्मा पुसला. तो दगड एका कोळसेवाल्याच्या खोपटाचं छप्पर फोडून आत पडला होता. त्या सकाळी त्या गावात लग्न होतं, नवरी अजून हयात आहे, तिला तारीख पक्की आठवते. आणि उशिझाकीच्या कड्याखाली सात नावांची स्मृतिशिला आहे, तिच्यावरची तारीख लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची. ती तारीख वाचून मास्तर इथे आले होते.

"शक्यता म्हणून सांगतो. मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये असे दगड फिरत असतात. त्यातला एखादा वाट चुकतो. आपल्या हवेत शिरला की इतक्या वेगाने येतो की हवाच भिंतीसारखी होते. तो फुटतो. फुटल्याचा धक्का खाली येतो, तो आपल्याला तोफ झाल्यासारखा ऐकू येतो. त्या दिवशी ढग होते, म्हणून उजेड कुणाला दिसला नसेल. नुसता आवाज. जगात कितीतरी किनाऱ्यांवर असे बिनकारणाचे आवाज ऐकलेत लोकांनी. काही भूकंपाचे असतील, काही वायूचे, काहींचं अजून कळलेलं नाही. पण हा एक... म्हणजे शक्यता आहे की हा वरचा होता. तो कुठल्या बाजूने आला ते मला काढायचंय. त्यासाठी विचारतो, त्या सकाळी इथे आवाज कुणी ऐकला?"



"मी!" हात्सुयो म्हणाली. "माझ्या हातून वाडगा पडला! ही बघा, खूण आहे अजून!" तिने तळहात पुढे केला.

"दोन झाले," कोपऱ्यातून कुणी म्हणालं. "एक आणि लगेच दुसरा."

"आणि मग घरघर. डोंगराकडे गेली."

"आमच्या घराच्या कागदी दारांना भोक पडलं होतं!"

"तुमच्या दारांना आधीपासूनच भोकं होती."

आमचे आजोबा तर उठून उभेच राहिले. "मी वाळूवर होतो. पाय हलले माझे. सगळ्यांत आधी मी ओरडलो, उठवणी म्हणून!" सगळे हात वर होते. मास्तर नकाशावर भराभर टिंबं काढत होते. साठ वर्षांपूर्वीचा आवाज प्रत्येकाला कालच्यासारखा आठवत होता, कुठे उभे होतो, हातात काय होतं, कुठलं कुत्रं भुंकलं. आणि आपण त्यात चुकलो नव्हतो, आभाळातलाच दगड होता, म्हणजे कुणाचीच चूक नव्हती, म्हणून सगळे एकदम तरुण दिसत होते.

नुईआजी खिडकीजवळ बसली होती. दोन्ही हात मांडीवर. दगड फिरत फिरत तिच्याकडे आला तेव्हा तो तिने मांडीत घेतला, झोपलेलं मूल घ्यावं तसा, दोन्ही हात लावून. हुंगला नाही.

"मास्तर," ती म्हणाली. "हा किती दिवस वाटेत होता?"

"दिवस?" मास्तरांनी चष्मा काढला. "आजी, शक्यता म्हणून... लाखो वर्षं. कदाचित कोटी."

"म्हणजे आमचं लग्न झालं तेव्हा निघालेला होता."

"हो. केव्हाचाच."

"आणि मी आवाज ऐकला तेव्हा?"

"तेव्हा पडून झालं होतं, आजी. आवाज मागून येतो. मिनिट, दोन मिनिटं."

"म्हणजे मी फळी बडवली तेव्हा," ती सावकाश म्हणाली, "पुढे काहीच यायचं नव्हतं. सगळं होऊन गेलेलं होतं."

मास्तरांनी नकाशाकडे बघितलं. "आजी, तुम्ही खोपीत होतात ना? सगळ्यांत उंच. तुमचं टिंब महत्त्वाचं. आवाज कुठल्या बाजूने..."

"मी फळी बडवली होती," नुईआजी म्हणाली. "तेवढं मला माहीत आहे."

तिने दगड शेजारच्याकडे दिला. कुणीतरी चहा आणला. भाताचे गोड गोळे आणले. पुन्हा गलका सुरू झाला.

आता नुईआजीच्या आणि माझ्या पैजेचं सांगते. सभेला तिला न्यायला मी गेले होते; निघताना आजीला बुटांत पाय घालता येत नव्हते, म्हणून मी खाली बसून घालत होते. मास्तर कशासाठी आलेत ते गावभर झालंच होतं. मी म्हणाले, "आजी, आज बघा. आज सगळ्यांना कबूल करावं लागेल."

"हात वर करतील," ती म्हणाली. "सगळे करतील."

"तेच तर!"

"तेच तर काय? हात वर करतील आणि घरी जातील."

"नाही हो. एक जण तरी तुमच्यापाशी येईल. चुकलो म्हणेल. आमचे आजोबा तरी नक्की येतील. पैज!"

"कसली?"

"मी हरले तर हा अख्खा हिवाळा तुमच्या छपरावरचा बर्फ मी काढीन. आणि तुम्ही हरलात तर..."

"मी हरले तर तू म्हणशील ते," ती म्हणाली.

सभा संपली. मास्तरांनी दगड रुमालात बांधला. बाहेरच्या ओसरीवर सगळे बूट शोधत होते, एकमेकांना धरत होते, हसत होते. हात्सुयो आजीच्या शेजारी बसून स्वतःचे बूट घालत होती, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. ती म्हणाली, "केवढी थंडी पडलीय नाही?" आणि गेली. आमचे आजोबा आले. आजीसमोर थांबले. त्यांनी वाकून आजीच्या पायाजवळची आपली काठी उचलली, "सांभाळून हं, पायऱ्या निसरड्या आहेत," म्हणाले, आणि खाली उतरले. मास्तरांनी त्यांना गाडीपाशी बोलावलं होतं, दगडासोबत फोटो काढायला.

आजीच्या कोटाची बटणं लावून झाली होती. तिने वरचं बटण सोडलं आणि पुन्हा लावलं. मग खालचं. मग गळपट्टा काढून झटकला आणि पुन्हा गुंडाळला. तिची नजर खाली बटणांवर होती, पण कान रस्त्यावरच्या प्रत्येक पावलाकडे लागलेले मला दिसत होते. पावलं लांब लांब जात होती. गाड्यांची दारं लागली. संघाचा शिपाई आतून दिवे बंद करत आला आणि आम्हाला बघून म्हणाला, "अजून कुणाची वाट बघताय का?"

"नाही," आजी म्हणाली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उठली. "चल. छप्पर तुझ्याकडे लागलं."